तीन गव्हर्नर आणि एक मत

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

निवडणुकीचा निकाल लागला की आपण विचारतो, 'कोण निवडून आलं?' साधा प्रश्न आहे आणि एका नावात त्याचं उत्तर मिळतं. पण १९४७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कोणी हा प्रश्न विचारला असता, तर त्याला तीन नावं ऐकायला मिळाली असती. तीन माणसं एकाच वेळी 'या राज्याचा गव्हर्नर मीच' असं सांगत होती. एकाने कचेरीची कुलपं बदलून आत ठाण मांडलं होतं. दुसऱ्याने त्याच इमारतीत घुमटाखालच्या मोकळ्या जागेत टेबल टाकलं होतं. तिसऱ्याने शहरात दुसरीकडेच कचेरी थाटली होती. तिकडे आजही हा प्रकार 'तीन गव्हर्नरांचा घोळ' म्हणून ओळखला जातो.

गोष्ट गमतीची आहे आणि मी ती सांगणारच आहे. पण तिच्या पोटात दुसरी एक गोष्ट आहे, ती गमतीची नाही. ती आहे एका माणसाने दिलेल्या एका मताची. आजच्या भाषणात मला खरं म्हणजे तीच सांगायची आहे.

मी कवितेचा माणूस. राज्यशास्त्राशी माझा संबंध बी. ए. पुरता. या निवडणुकीकडे मी वळलो तो कवितेच्याच वाटेने. मी लिहू लागलो तेव्हा दलित साहित्याने मराठी भाषेचा पोत बदलून टाकला होता. 'दलित पँथर' हे नावच मुळी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेलं. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली होती. ते वाचता वाचता मी इतिहासात शिरलो आणि जॉर्जियातल्या १९४६ च्या उन्हाळ्यापाशी येऊन थांबलो.

आधी एक खुलासा करतो. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. आपल्याकडे राज्यपाल नेमला जातो. तिकडे गव्हर्नरला लोक थेट मतं देऊन निवडतात आणि राज्याचा कारभार तोच पाहतो. आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळपासचं हे पद आहे.

जॉर्जिया हे दक्षिणेकडचं राज्य. आकाराने महाराष्ट्राच्या निम्मं. कापसाचं पीक आणि गुलामगिरीचा वारसा. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि १८७० च्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्कही मिळाला. पण कागदावरचा हक्क हातात पडू नये यासाठी दक्षिणेतल्या राज्यांनी नाना युक्त्या काढल्या. मतदानासाठी कर लावला, वाचता येण्याची परीक्षा लावली. सगळ्यांत नामी युक्ती होती ती 'गोऱ्यांच्या प्रायमरी'ची.

प्रायमरी म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक. पक्षाचा उमेदवार कोण, हे तिथे मतदार ठरवतात. जॉर्जियात त्या काळी एकच पक्ष चालत असे, डेमोक्रॅटिक पक्ष. त्याची प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरातली खरी निवडणूक नावापुरती उरे. आणि पक्षाचं म्हणणं असं, की आमचा पक्ष ही आमची खासगी मंडळी आहे. आमच्या प्रायमरीत फक्त गोऱ्यांनी मत द्यावं. म्हणजे कृष्णवर्णीय माणसाने नोव्हेंबरात मत द्यायचं, जेव्हा ठरवायचं काही शिल्लकच नसे. पंगत उठल्यावर पान वाढण्यातला हा प्रकार.

१९४४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्यातल्या एका खटल्यात अशी प्रायमरी बेकायदा ठरवली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ जुलै १९४४ रोजी, जॉर्जियातल्या कोलंबस गावात प्रायमस किंग नावाचा एक माणूस प्रायमरीत मत द्यायला गेला. व्यवसायाने न्हावी आणि चर्चमध्ये प्रवचनं करणारा. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी त्याला मतदानाच्या जागेवरून बाहेर काढण्यात आलं. किंगने दावा लावला. १९४५ मध्ये खालच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, वरच्या न्यायालयाने तो उचलून धरला आणि १ एप्रिल १९४६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचं अपील ऐकायलाच नकार दिला. एका न्हाव्याने जॉर्जियातल्या गोऱ्यांच्या प्रायमरीचं दार उघडलं.

त्या वेळी गव्हर्नर होते एलिस अर्नाल. वयाने तरुण, सुधारणावादी. त्यांच्या काळात जॉर्जियाने मतदानाचं वय अठरावर आणलं. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. मतदान करही त्यांनी १९४५ मध्ये रद्द करवला. न्यायालयाच्या निकालाला बगल देणारा कायदा करा, म्हणून त्यांच्यावर दबाव आला. त्यांनी दाद दिली नाही. पण लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायला घटनेची मनाई होती. त्यामुळे १९४६ ची निवडणूक त्यांच्याशिवायच व्हायची होती.

आता कृष्णवर्णीय मंडळी कामाला लागली. अटलांटा शहरात चर्च, शाळा, व्यापारी, प्राध्यापक सगळे एकत्र आले. गल्ल्या वाटून घेतल्या, घरोघर फिरले. नाव नोंदवायला कचेरीबाहेर रांगा लागल्या. दोन महिन्यांच्या आत एकट्या अटलांटात सुमारे अठरा हजार नवी नावं यादीत आली. राज्यभरात हा आकडा सव्वा लाखाच्या आसपास गेला. ज्या लोकांच्या तीन पिढ्यांना त्या पेटीपर्यंत पोचू दिलं नव्हतं, ते सव्वा लाख लोक!

याला उत्तर म्हणून मैदानात उतरले यूजीन टॅलमेज. तीन वेळा गव्हर्नर राहिलेले. कपाळावर केसांची बट, शिंगाच्या काड्यांचा चष्मा, शर्टावर लाल रंगाचे गॅलस. शिकलेले वकील, पण भाषण खेडुताच्या बोलीत. शेतकऱ्यांना हा आपला माणूस वाटे. त्यांची एक फुशारकी प्रसिद्ध आहे: ज्या काउंटीत ट्राम चालते, तिथली मतं मला नकोतच. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका. शहरांची मतं नसताना राज्य कसं जिंकणार, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर जॉर्जियाच्या मोजणीत होतं. ती मोजणी जरा समजून घेऊ. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

जॉर्जियात एकशे एकोणसाठ काउंट्या. प्रायमरीत मतं मोजायची ती काउंटीनिहाय. ज्या काउंटीत जो पहिला, त्याला त्या काउंटीची सगळी 'युनिटं' मिळणार. सगळ्यांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा युनिटं. त्यानंतरच्या तीस काउंट्यांना प्रत्येकी चार. उरलेल्या एकशे एकवीस छोट्या काउंट्यांना प्रत्येकी दोन. एकूण युनिटं चारशे दहा. १९१७ च्या कायद्याने ही पद्धत पक्की झाली होती. आता गंमत पाहा. तीन पिटुकल्या काउंट्या मिळाल्या की अटलांटासारख्या शहराची बरोबरी होते! १९६० च्या जनगणनेचे आकडे सांगतो. अटलांटा ज्या फुल्टन काउंटीत आहे, तिची वस्ती साडेपाच लाखांच्या वर, युनिटं सहा. एकॉल्स नावाची सगळ्यांत लहान काउंटी, वस्ती एक हजार आठशे शहात्तर, युनिटं दोन. भागाकार करा. एकॉल्समधला एक माणूस फुल्टनमधल्या नव्याण्णव माणसांच्या तोलाचा होतो.

यात थेट रंगाचा उल्लेख कुठेच नाही. नुसतं गणित आहे. पण कृष्णवर्णीयांनी जिथे एकजुटीने नावं नोंदवली होती, ती अटलांटासारखी शहरंच या तराजूत हलकी पडत होती. आणि छोट्या काउंट्यांमध्ये कृष्णवर्णीय माणसाला मत देऊ न देणं सोपं होतं, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखत. जमीन मालकाची, घर मालकाचं, दुकानातलं खातंही त्याच्याच सग्यासोयऱ्याचं.

टॅलमेज यांचा विरोधक होता जेम्स कार्मायकल. लढाईच्या काळात मॅरिएटा गावातला बॉम्बर विमानांचा कारखाना त्याने चालवला होता. तोही काही समतेचा झेंडा घेऊन निघालेला नव्हता. पण न्यायालयाचा निकाल पाळला पाहिजे, एवढं तो म्हणत होता आणि गव्हर्नर अर्नाल यांचा त्याला पाठिंबा होता. टॅलमेज यांचं वचन उलट होतं: मला निवडा, गोऱ्यांची प्रायमरी परत आणतो. शहाण्या काळ्या माणसांनी त्या दिवशी मतपेटीपासून लांब राहावं, असाही जाहीर सल्ला त्यांनी दिला. त्यांच्या माणसांनी छापील अर्ज वाटले आणि गावोगावी कृष्णवर्णीयांच्या नावांवर हरकती घेतल्या. यादीतून हजारो नावं गळाली.

१७ जुलै १९४६. मतदान झालं. मोजणी झाली. कार्मायकल यांना सुमारे तीन लाख तेरा हजार मतं. टॅलमेज यांना सुमारे दोन लाख सत्याण्णव हजार. सोळा हजारांनी कार्मायकल पुढे. आणि युनिटं? टॅलमेज दोनशे बेचाळीस, कार्मायकल एकशे शेहेचाळीस. टॅलमेज विजयी!

त्याच दिवशी अटलांटात आणखी एक निकाल लागला. हेलन मॅनकिन नावाच्या बाई फेब्रुवारीत पोटनिवडणुकीत कृष्णवर्णीयांच्या मतांवर अमेरिकेच्या संसदेत गेल्या होत्या. त्या वेळी शेवटी मोजली गेलेली अॅशबी स्ट्रीटची पेटी त्यांच्या उपयोगी पडली. जुलैत त्यांच्या मतदारसंघालाही हे युनिटांचं गणित लावण्यात आलं. बाईंना मतं जास्त पडली, तरी त्या हरल्या.

आता ती दुसरी गोष्ट.

टेलर नावाची एक लहान काउंटी. दोन युनिटांची. तिथे मेसिओ स्नाइप्स नावाचा कृष्णवर्णीय तरुण राहत असे. महायुद्धात प्रशांत महासागराच्या आघाडीवर जाऊन, सैन्यातून सन्मानाने सुटून तो परत आला होता आणि आजोबांकडे शेती करत होता. १७ जुलैला तो मत द्यायला गेला. त्या भागातला मत देणारा तो एकटाच कृष्णवर्णीय होता, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काही गोरे गाडी घेऊन घरापाशी आले. त्याला बाहेर बोलावलं. गोळी घातली. दोन दिवसांनी तो मेला. गोळी घालणाऱ्याने 'स्वसंरक्षणासाठी' असं सांगितलं आणि ते मान्य झालं. कोणालाही शिक्षा झाली नाही. स्नाइप्सला पुरलं त्या जागेवर नावाचा दगडही नव्हता.

पुढच्याच आठवड्यात, २५ जुलैला, मूर्स फोर्ड नावाच्या पुलाजवळ दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना जमावाने गाडीतून ओढून काढलं आणि गोळ्या घालून मारलं. त्यांतलाही एकजण युद्धावरून परतलेला शिपाई होता. त्या प्रकरणातही कधीच कोणाला शिक्षा झाली नाही. देशभर गवगवा झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्या वर्षाच्या डिसेंबरात नागरी हक्कांसाठी समिती नेमली, त्यामागे त्या उन्हाळ्यातल्या अशा घटना होत्या.

ऑगस्ट महिन्यात अटलांटातल्या एका वर्तमानपत्रात वाचकाचं एक छोटं पत्र छापून आलं. आम्हाला सामान्य नागरिकाचे हक्क हवेत, शिक्षण, रोजगार आणि मत हवं, अशा आशयाचं. लिहिणारा कॉलेजात शिकणारा सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग.

श्रोतेहो, १९४६ चा हाच जुलै महिना आपल्याही एका पत्रासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या महिन्यात अमेरिकेतले थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी आपली दाद संयुक्त राष्ट्रसंघाकडे मागितल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली, कारण अस्पृश्यांसाठीही तसंच काही करण्याचा त्यांचा विचार होता. ड्यू बॉइस यांचं उत्तर ३१ जुलैचं आहे. हे ड्यू बॉइस १९४४ पर्यंत अटलांटा विद्यापीठातच शिकवत होते. म्हणजे मुंबई-दिल्लीत बसलेला माणूस आणि अटलांटाची नस जाणणारा माणूस, दोघं एकाच महिन्यात एकाच प्रश्नाशी झटत होते.

१९४६ मध्ये आपल्याकडेही निवडणुका झाल्या, प्रांतांच्या. पण मत सगळ्यांना नव्हतं. जमीनजुमला, कर, शिक्षण असं काही असेल त्यालाच. शिवाय मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे. माझे आजोबा कोल्हापूरकडच्या एका खेड्यात पिंजाऱ्याचं काम करत. ना जमीन, ना शाळा. त्यामुळे वेगळा असो की एकत्र, मतदारसंघाशी त्यांचा संबंधच नव्हता. त्यांनी पहिलं मत दिलं ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर चिन्ह चिकटवलेलं. घरात सांगत असत की मत देऊन आल्यावर आजोबा म्हणाले, "पाटलालाबी येकच कागूद दिला आन् मलाबी येकच." जॉर्जियाचं हे युनिटांचं गणित वाचताना मला आजोबांचं ते वाक्य आठवत होतं. कागद दोघांना एकच मिळाला, आणि मोजतानाही तो एकच धरला गेला. ही दुसरी गोष्ट आपण गृहीत धरतो. ती गृहीत धरण्यासारखी नाही.

तर जॉर्जियाकडे परत जाऊ. नोव्हेंबरात टॅलमेज रीतसर निवडून आले. पण ते आजारी होते. हे त्यांच्या जवळच्या मंडळींना ठाऊक होतं. त्यांनी घटना उघडून पाहिली. तिच्यात तरतूद होती, की कोणालाच स्पष्ट बहुमत नसेल तर सर्वांत जास्त मतं मिळालेल्या, आणि हयात असलेल्या, दोघांमधून विधिमंडळाने एकाची निवड करावी. तिकडे मतपत्रिकेवर छापलेलं नाव सोडून आपल्या हाताने दुसरं नाव लिहिता येतं. मंडळींनी गुपचूप काही मतदारांना टॅलमेज यांच्या मुलाचं, हर्मनचं, नाव लिहायला सांगून ठेवलं. न जाणो, म्हातारा गेलाच तर!

आणि २१ डिसेंबर १९४६ रोजी, शपथ घ्यायच्या आधीच, यूजीन टॅलमेज वारले.

आता गव्हर्नर कोण? नव्या घटनेने लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, हे पद निर्माण केलं होतं आणि त्यावर एम. ई. थॉम्प्सन निवडून आले होते. ते म्हणाले, मी. मावळते गव्हर्नर अर्नाल म्हणाले, वारस ठरेपर्यंत जागा सोडणं मला बरोबर वाटत नाही. आणि टॅलमेज यांचे लोक म्हणाले, विधिमंडळ निवडेल.

१४ जानेवारीला विधिमंडळ बसलं. हाताने लिहिलेली मतं मोजली. आकडे ऐका: कार्मायकल सहाशे एकोणसत्तर, बोवर्स नावाचे एक रिपब्लिकन सहाशे सदतीस, आणि हर्मन टॅलमेज सहाशे सतरा. हर्मन तिसरे! पहिल्या दोघांत नाहीत. मग ऐन वेळी टेलफेअर काउंटीतून आणखी काही मतं सापडली. टेलफेअर म्हणजे टॅलमेज घराण्याची काउंटी. ती मिळवून हर्मन यांची मतं झाली सहाशे पंच्याहत्तर. पहिला नंबर. तीस लाखांच्या राज्यात सहाशे पंच्याहत्तर मतांचा धनी! मध्यरात्र उलटून गेल्यावर विधिमंडळाने एकशे एकसष्ट विरुद्ध सत्त्याऐंशी मतांनी हर्मन यांना गव्हर्नर केलं. वय तेहेतीस.

त्यानंतरचे दिवस म्हणजे तमाशाच. रात्री अर्नाल यांच्या कचेरीत धक्काबुक्की. दुसऱ्या दिवशी कुलपं बदललेली. अर्नाल आले तर दार बंद. त्यांनी घुमटाखाली टेबल मांडून कारभार सुरू केला. कोणीतरी तिथे फटाका टाकला. १८ जानेवारीला थॉम्प्सन यांनी शपथ घेतली आणि अर्नाल यांनी आपला हक्क सोडला. राज्याची मोहोर ज्यांच्या ताब्यात होती ते सचिव बेन फोर्टसन चाकाच्या खुर्चीवर असत. मोहोर कोणाला द्यायची हे कळेना, म्हणून ते ती खुर्चीतल्या उशीखाली ठेवून तिच्यावर बसून राहिले! दोन गव्हर्नर कागदांवर सह्या करतायत, आणि शिक्का कोणाच्याच कागदावर नाही.

मार्चमध्ये 'अटलांटा जर्नल' या वर्तमानपत्राचा बातमीदार जॉर्ज गुडविन टेलफेअर काउंटीत गेला आणि त्याने मतदानाच्या नोंदी पाहिल्या. तीस-पस्तीस मतदारांनी चक्क आद्याक्षरांच्या क्रमाने येऊन मत दिलेलं! त्याने एकेका नावाचा माग काढला. काहीजण गाव सोडून गेलेले. काहींनी सांगितलं, आम्ही त्या दिवशी मतदानाला गेलोच नाही. आणि काही थेट कबरस्तानात. या बातमीसाठी गुडविन यांना १९४८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. एकाच राज्यात, एकाच वर्षात, मेलेल्या माणसांची मतं नोंदवली गेली आणि ती एवढी जड ठरली की त्यांनी गव्हर्नर केला. आणि मत दिलं म्हणून एका जिवंत माणसाला मारलं गेलं. यात कवीला सुचण्यासारखं काही उरलेलंच नाही. वास्तवानेच सगळं लिहून ठेवलं आहे.

१९ मार्च १९४७ रोजी जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. यूजीन टॅलमेज यांना नोव्हेंबरात स्पष्ट बहुमत होतं, तेव्हा विधिमंडळाला निवड करण्याचा अधिकारच नव्हता. कारभार थॉम्प्सन यांनी पाहावा. हर्मन लगेच कचेरी सोडून गेले. पण १९४८ मध्ये झालेल्या निवडणुकीत ते थॉम्प्सन यांना हरवून परत आले, आणि पुढे १९५७ पासून १९८१ पर्यंत अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसले. वडिलांचा पुतळा १९४९ मध्ये राज्याच्या विधानभवनाच्या आवारात उभा राहिला. स्नाइप्सच्या कबरीवर तेव्हा नावही नव्हतं.

मग या सगळ्याचं निष्पन्न काय? सव्वा लाख लोकांनी नावं नोंदवली, मार खाल्ला, जीव गमावला, आणि ज्याला हरवायचं तोच जिंकला. त्या क्षणी पाहिलं तर पदरी काहीच पडलं नाही. पण रांगेत उभे राहिलेले लोक घरी परत गेले ते पुढच्या वेळी पुन्हा यायला. टॅलमेज यांच्या लोकांनी हीच युनिटांची पद्धत नोव्हेंबरच्या निवडणुकीलाही लावायचा घाट घातला, तेव्हा १९५० आणि १९५२ अशा दोन्ही वेळा जॉर्जियाच्या मतदारांनी तो हाणून पाडला. न्यायालयांनी मात्र बराच काळ कानावर हात ठेवले. शेवटी अटलांटातले एक मतदार, जेम्स सँडर्स, यांनी १९६२ मध्ये दावा लावला. १८ मार्च १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युनिटांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. एका माणसाला एक मत, आणि ते सगळीकडे सारख्याच तोलाचं, हे तत्त्व त्या निकालाने तिथे रुजवलं. एकॉल्सच्या माणसाचे नव्याण्णव असल्याचे दिवस संपले. १९६२ मध्येच, पद्धत न्यायालयात कोसळू लागल्यावर, लिरॉय जॉन्सन हे कृष्णवर्णीय वकील अटलांटातून राज्याच्या सिनेटवर निवडून गेले. १९६५ मध्ये मताधिकाराचा केंद्रीय कायदा झाला. आणि २०२१ च्या जानेवारीत जॉर्जियाने पहिल्यांदा एक कृष्णवर्णीय माणूस, रेव्हरंड राफाएल वॉर्नॉक, अमेरिकेच्या सिनेटवर पाठवला. हर्मन टॅलमेज बसत ते हेच सभागृह.

आपल्याकडे हेच तत्त्व बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात सांगितलं होतं. राजकारणात आपण माणशी एक मत आणि प्रत्येक मताला एकच मोल मानू. पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती वेळीच दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलाराच कोसळेल, असा इशारा त्यांनी दिला होता. अमेरिकेच्या न्यायालयाला तिथे यायला आणखी चौदा वर्षं लागली. यात बढाई मारण्यासारखं काही नाही. त्या इशाऱ्याचा दुसरा अर्धा भाग आपल्यावरही उधार आहे.

पण जॉर्जियाची ही गोष्ट मला एक साधी गोष्ट शिकवते. मत हिरावून घ्यायला पेटी पळवावी लागते असं नाही. ते यादीतच गाळता येतं. मोजताना हलकं करता येतं. मोजून झाल्यावर त्याच्यावर मेलेल्यांची मतं ओतता येतात. आणि या तिन्ही गोष्टी कायद्याची पुस्तकं उघडी ठेवून, शिक्का-सही करून करता येतात. म्हणून यादी लागली की तिच्यात नाव पाहावं. आपलं पाहून झालं की शेजाऱ्याचंही पाहावं, विशेषतः ज्याचं नाव आपल्यासारखं नाही त्याचं.

मेसिओ स्नाइप्सने त्या दिवशी कोणाला मत दिलं, हे कोणालाच माहीत नाही. मत गुप्त असतं. ज्याला दिलं असेल तो जिंकला की हरला, यानेही काही फरक पडला नसता. त्याने ते दिलं, एवढंच त्यांना सहन झालं नाही. मताची किंमत काय, असं कोणी विचारलं की मला तो आठवतो, आणि कागद सगळ्यांना एकच मिळाला म्हणून हरखून घरी आलेले माझे आजोबा आठवतात.